दिवा हँडलवरच कशाला?

भाईंदर स्टेशनवर पश्चिमेला उतरावं, मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकावीत, मग डोंगरी, उत्तन, आणि टोकाशी चौक हे गाव. धारावी किल्ल्याची टेकडी इथलीच. १७३९च्या मार्चमध्ये मराठ्यांनी आधी हे ठाणं घेतलं आणि मे महिन्यात खाडीपलीकडची वसई. त्या मोहिमेचे सेनानी चिमाजी अप्पा यांचा पुतळा इथं आहे तो त्यामुळे. पण आज आपल्याला किल्ल्यावर चढायचं नाही. टेकडीच्या या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात सायकल घेऊन निघालेल्या माणसाने पुढचा दिवा नेमका कुठे बसवावा, तेवढंच बघायचं आहे.

दुकानात जा, दिवा घ्या. दुकानदार तो हँडलवर ठेवतो, रबरी पट्टा ताणून अडकवतो आणि ‘झालं’ म्हणतो. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण खड्डे बघायला ही जागा दुय्यम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक प्रयोग आज रात्री घरीच करा. खोलीत अंधार करा, फरशीवर चार-पाच शेंगदाणे टाका आणि मोबाइलचा टॉर्च कपाळाला लावून त्यांच्याकडे बघा. शेंगदाणे फरशीत मिसळून जातील. आता टॉर्च गुडघ्यापाशी न्या. प्रत्येक दाण्यामागे लांबलचक सावली उभी राहील आणि दाणा लगेच नजरेत भरेल. आपला डोळा उजेडापेक्षा जास्त सावलीवरून उंचसखल ओळखतो. दिवा डोळ्याजवळ असला की सावली त्या वस्तूच्याच आड दडते.

हेच रस्त्यावर मांडू. ५ सेंटीमीटर उंचीचा दगड ८ मीटरवर पडलाय आणि तुमचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर आहे. दिवा हँडलवर, म्हणजे १ मीटर उंचीवर असेल, तर सावलीचा जेमतेम १४ सेंटीमीटर भाग तुम्हाला दिसेल. तोच दिवा चाकाच्या माथ्यावर, पाऊण मीटरवर आणा. दिसणारी सावली जवळपास ३० सेंटीमीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. हेल्मेटवरच्या दिव्याने मात्र सावली दिसतच नाही. खड्ड्याचंही असंच. झोत सपाट आला की अलीकडची कड तळावर सावली टाकते आणि खड्डा काळा दिसतो. वरून आला की तळही उजळतो आणि खड्डा रस्त्यासारखाच भासतो.

तेव्हा दिव्याची जागा फोर्कच्या माथ्यावर, मडगार्डच्या बोल्टपाशी. पत्र्याची छोटी पट्टी लागते, कुठल्याही सायकल दुकानात वाकवून मिळेल. पावसाळ्यात याचा आणखी एक फायदा. थेंबांवर आपटून मागे फिरणारा उजेड डोळ्यांपासून खाली राहतो, पांढरा पडदा कमी होतो. समुद्रावरून आडवा पाऊस येतो तेव्हा हे कळतं.

हँडलला पिशवी अडकवायची सवय तर आपल्याकडे सगळ्यांनाच. भाजीची म्हणा, मासळीची म्हणा. पिशवी हलली की हँडलखालचा दिवा झाकला जातो. पुढे करंडी असेल तर खाली लावलेल्या दिव्याच्या वाटेत ती येते का, हे आधी बघा. येत असेल तर करंडीच्याही पुढे, तिच्या कडेलाच दिवा बसवा. इथं नियमापेक्षा तुमचं ओझं मोठं.

मधोमध जागाच नसेल तर दिवा उजव्या बाजूला असावा. आपण डावीकडून चालतो, समोरचं वाहन आपल्या उजवीकडून येतं. ब्रिटनच्या नियमातही सायकलचा पुढचा दिवा मध्ये किंवा रस्त्याच्या आतल्या, म्हणजे उजव्याच बाजूला मागितला आहे. तेही आपल्यासारखेच डावीकडून चालतात. मात्र फार खाली, चाकाच्या आसाजवळ नको. तिथून चाकाचीच सावली डावीकडे पडते आणि गटाराची कड अंधारात जाते.

हेल्मेटचा दिवा अगदी टाकाऊ नाही. वळणावर सायकल वळण्याआधी मान वळते, उजेड तिकडे जातो. पंक्चर काढतानाही दोन्ही हात मोकळे राहतात. पण तो जोडीला असावा. आणि समोरच्याशी बोलताना आधी बंद करावा, एवढी रीत तरी पाळा!

जुने लोक म्हणतील, आमच्या डायनामोला हे प्रश्नच नव्हते. खरंय, ६ व्होल्ट, ३ वॅटचा तो उजेड कुणाचे डोळे दिपवत नव्हता. पण चढावर वेग मंदावला की दिवाही मंद, थांबलो की गुडुप, आणि टायर ओला झाला की त्यावर घासून फिरणारी डायनामोची चाकी घसरणार.

आजच्या एलईडीचं दुखणं उलटं आहे. झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. जर्मनीत पूर्वी एक सोपा नियम होता: ५ मीटर पुढे झोताचा मध्य दिव्याच्या निम्म्या उंचीवर असावा. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, स्वतः बसा, कारण वजनाने टायर दबतात. दिवा ७५ सेंटीमीटरवर असेल तर भिंतीवर साडेसदतीस सेंटीमीटरवर खडूची खूण करून झोत तिथे आणा. असा झोत १० मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी १५ किलोमीटर वेगाला जवळपास अडीच सेकंद हाती राहतात. ब्रेक दाबायला तेवढी पुरतात.

आणि चौकसारख्या समुद्रकाठी राहणाऱ्यांनी बोल्ट स्टेनलेसचाच घ्यावा. खारं वारं साध्या बोल्टला गंज चढवतं, मग गरज पडते तेव्हा पाना नुसता फिरतो. दिव्याच्या जोडाला बोटभर व्हॅसलीन लावा, आणि पावसाळा संपला की पुसून पुन्हा लावा.