कपाटातल्या कॅसेट्स

आपल्याकडच्या पुष्कळ वाचनालयांत आणि सांस्कृतिक मंडळांत व्हीएचएस कॅसेट्सचा एखादा गठ्ठा हमखास निघतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या व्हिडिओवाल्यालाच बोलावून शताब्दी सोहळा, व्याख्यानमाला, दशावताराचा खेळ, शाहिरी कार्यक्रम टेपवर उतरवून घ्यायचे. कॅसेटवर चिठ्ठी चिकटवली, कपाटाला कुलूप लावलं, की जतन झालं अशी सगळ्यांची समजूत. मला आज सांगायचंय ते हेच, की नुसतं ठेवणं म्हणजे जतन नव्हे. टेपच्या बाबतीत तर नाहीच.

व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरहून लांब भरते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर एका बंधक द्रव्याने धरून ठेवलेला असतो. दमट हवेत हे द्रव्य हळूहळू खराब होतं आणि कण सुटू लागतात. पावसाळ्यात बंद कपाटात बुरशीही धरते, ती वेगळीच.

पण खरी घाई आहे ती यंत्राची. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिने २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आता आहेत ती यंत्रं जुनी, सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्त करणारे हातही कमी झालेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय टेपसाठी २०२५ हे मुदतीचं वर्ष मानलं होतं. ते वर्ष मागे पडलं. टेप अजून धडधाकट, पण ती वाजवायला चालू यंत्रच नाही, ही वेळ फार लांब नाही.

तर मग काय करायचं? पहिलं म्हणजे, हौसेने कॅसेट यंत्रात घालू नका. तिच्या कडेचं बारीक बटण दाबून पुढची झडप उचला आणि टेप उजेडात बघा. खिडकीतून गुंडाळीही बघा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी समजा. अशी कॅसेट लावली तर व्हीसीआरचं हेड घाण होतं आणि तीच घाण पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती वेगळी ठेवा, जाणकाराकडेच द्या. दुसरं, कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते. ती शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जाणार नाही.

मग कॅसेटची डिजिटल प्रत उतरवायची. या कामात घिसाडघाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तास लागतातच. जुन्या टेपचं चित्र थरथरतं, कडेने वाकतं. ते सावरायला मध्ये टाइम बेस करेक्टर नावाचं उपकरण जोडावं लागतं. काम बाहेर देणार असाल तर ते आहे का, हे आधी विचारा. आणि नुसत्या डीव्हीडीवर समाधान मानू नका, कारण डीव्हीडीसाठी चित्र दाबताना त्यातला बराच तपशील गळतो. काहीही न गाळता चित्र साठवणारी एफएफव्ही-१सारखी पद्धत अनेक मोठी संग्रहालयं वापरतात. फाइल मोठी होते, तासाला कित्येक जीबी; पण आज हार्ड डिस्क परवडते. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

सगळंच एकदम होणार नाही. म्हणून क्रम लावा. बाजारात मिळणाऱ्या सिनेमाच्या कॅसेट्स शेवटी. जे दुसरीकडे कुठेही नसेल, ते आधी. मोठ्या संस्थेकडे असेलच, असं गृहीत धरू नका. साक्षात बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप पुन्हा वापरण्यासाठी आपलेच कितीतरी कार्यक्रम पुसून टाकले. मग तुमच्या तालुक्यातल्या भजनी मंडळाच्या किंवा स्थानिक कवीच्या कार्यक्रमाची दुसरी प्रत कोण ठेवणार?

चित्राइतकीच माहितीही मोलाची. कार्यक्रम कुठला, कधीचा, मंचावर कोण बसलंय, हे सांगू शकणारी मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. उतरवलेली फाइल त्यांना दाखवा आणि नावं लिहून घ्या. इंटरनेटवर टाकण्याआधी मात्र कलाकारांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्या.

वाचनालयाच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. अनुदान येईल तेव्हा येईल. कपाट या आठवड्यात उघडा आणि वहीत यादी करा: कॅसेटवर काय लिहिलंय, तिची अवस्था कशी आहे, दुसरी प्रत कुठे आहे का. या यादीला पैसे लागत नाहीत. आणि डिजिटल प्रत झाली तरी मूळ कॅसेट फेकू नका.