पहिले घर आणि पडून राहिलेली वास्तू
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. आपल्यातील पुष्कळ तरुण कुटुंबे भाड्याच्या जागेतून स्वतःच्या घरात जाण्याच्या खटपटीत आहेत; त्यांस उपयोगी पडेल असे काही सांगावे, अशी त्यांची इच्छा. आम्ही जन्मभर शाळेत अंकगणित आणि मराठी शिकविले. आम्ही वकील नव्हे, की इमारतींचे जाणकारही नव्हे. तथापि सेवानिवृत्तीनंतर अनेक ज्ञातिबांधव कागदपत्रे वाचून घेण्यासाठी आमच्याकडे येतात, आणि त्या निमित्ताने जे पाहिले व समजून घेतले तेवढेच आज आपणांपुढे ठेवीत आहो.

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील म्हणत. शहरात आता घर बांधणारे थोडे, घेणारेच फार. अशा घेणाऱ्यांपुढे पुष्कळदा एक विशिष्ट प्रकारचे घर येते. जागा मोक्याची, किंमत आजूबाजूच्यापेक्षा कमी. परंतु चौकशी करता कळते की दोन-तीन वर्षे ते विक्रीस आहे आणि कोणी घेत नाही. मग नवऱ्यास वाटते, संधी आली आहे. बायकोस वाटते, यात काही काळेबेरे असले पाहिजे. आणि घरातील वडील मंडळी म्हणतात, नकोच ते. या तिघांपैकी बरोबर कोण, हे त्या घराचा कागद, वास्तू आणि किंमत तपासल्यावाचून कोणासही सांगता येणार नाही.

घर पडून राहण्याची कारणे आमच्या मते चार प्रकारची असतात. पहिला दोष कागदाचा, दुसरा वास्तूचा व जागेचा, तिसरा किमतीचा, आणि चौथा लोकांच्या समजुतीचा. वैद्य जसा औषधाआधी निदान करतो, तद्वत् प्रथम दोष कोणता ते ओळखावे.

कागदाच्या दोषाविषयी आम्ही अधिक विस्ताराने बोलणार आहो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. उदाहरणादाखल आपल्या मंडळातीलच एका जोडप्याची हकीकत सांगतो; नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. पुण्यात दोन खोल्या व स्वयंपाकघर अशी एक सदनिका त्यांनी पाहिली. इमारत तीस वर्षांची, मजला तिसरा, किंमत ४० लाख. घर तिसऱ्या वर्षी विक्रीस होते. मालक नोकरीनिमित्त परदेशी. विक्रीचे काम त्यांच्या मुखत्याराकडे. गृहरचना संस्थेचे भागपत्र मालकाच्या नावे, घरपट्टी भरलेली, संस्थेची बाकी नाही. दलाल म्हणाला, कागद आरशासारखा स्वच्छ आहे. जोडप्याने घरातील ठेवी मोडण्याची तयारी केली, आणि सासूबाईंनी आपल्या पाटल्या पुढे केल्या. विसार देण्यापूर्वी ती दोघे कागद घेऊन आमच्याकडे आली.

आम्ही एकच प्रश्न विचारला, "हे भागपत्र या गृहस्थांच्या नावे कसे आले?" उत्तर मिळाले की, घर मूळ वडिलांनी घेतलेले, त्यांनी संस्थेत मुलाचे नामनिर्देशन केले होते, वडील व पाठोपाठ आई वारल्यावर संस्थेने भागपत्र मुलाच्या नावे केले. मृत्युपत्र कोणीही केलेले नव्हते. आम्ही पुन्हा विचारले, "त्यांस बहीण आहे काय?" तेव्हा दोघे एकमेकांकडे पाहू लागली. बहीण होती, नागपुरास दिलेली. तिची सही कोठेही नव्हती.

बंधुभगिनींनो, येथे दोन गोष्टी प्रत्येकाने पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. ज्याचे नाव दिले असेल त्याच्याकडे संस्थेने भाग वर्ग करावा, परंतु वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली इंद्राणी वाही यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. दुसरी गोष्ट अशी की, स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्रावाचून मागे राहिली, तर पत्नी, मुलगे व मुली यांस ती समान मिळते. पुष्कळांस वाटते की मुलींचा हक्क २००५ साली आला. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे २०२० साली विनीता शर्मा यांच्या खटल्यात ठरले. परंतु बापाच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. म्हणजे प्रस्तुतच्या घरात बहिणीचा अर्धा हिस्सा होता. त्या घराचे पूर्वीचे दोन व्यवहार बँकेच्या वकिलांनी याच कारणास्तव अडविले होते, हे मागाहून संस्थेच्या चिटणिसांकडून समजले. दलालाने ते सांगितले नव्हते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. जोडप्याने मुखत्यारास कळविले की, बहीण विक्रेती म्हणून खरेदीखतावर सही करील आणि तिच्या हिश्श्याची रक्कम तिच्याच खात्यावर जाईल, तरच व्यवहार. प्रारंभी भावाने नाराजी दाखविली. चार महिने गेले. अखेर भावाबहिणींचे बोलणे झाले, आणि दोघांच्या सह्यांनी खरेदीखत नोंदले गेले. नोंदणीच्या दिवशी ती बहीण त्या सूनबाईस म्हणाली, "आईबाबांच्या घरावर माझे नाव पहिल्यांदा लागले, तेही विकताना." त्या उद्गारावर आम्ही भाष्य करीत नाही. मात्र या सभागृहात बसलेल्या ज्या कुटुंबांत बहिणीची सही गृहीत धरली जाते, त्यांनी घरी गेल्यावर त्याचा विचार करावा. घेणाऱ्याने कागद नीट पाहिला म्हणजे तो केवळ आपलेच पैसे वाचवितो असे नाही.

कागदाचे इतर दोष आता थोडक्यात सांगतो. मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि सूची क्रमांक २ चे उतारे पाहावेत. मिळकतपत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. जमीन अद्याप बांधणाऱ्याच्याच नावे आहे की संस्थेच्या, हे विचारावे; १९६३ च्या सदनिका कायद्यान्वये ती संस्थेस करून देणे बांधणाऱ्यावर बंधनकारक असूनही ते अनेक ठिकाणी राहून गेलेले असते. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर 'विकत' देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे. मुखत्याराने मालकाच्या वतीने नोंदलेले खरेदीखत करून देणे निराळे, आणि मुखत्यारपत्र हीच विक्री समजणे निराळे. दुसऱ्या प्रकाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे. वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याच्या हिश्श्याच्या विक्रीस न्यायालयाच्या परवानगीची गरज आहे काय, हे वकिलास विचारावे. असा दोष सुटेपर्यंत, घर कितीही स्वस्त असो, एक रुपयाही देऊ नये.

आता वास्तूचा व जागेचा दोष. पडून राहिलेल्या घराचा एक मोठा गुण असा की ते पाहण्यास वेळ मिळतो. नव्या घराच्या बाबतीत उद्या दर वाढेल म्हणून घाई करतात. येथे ती भीती नसते. तेव्हा असे घर एकदा भर पावसात पाहावे आणि एकदा एप्रिल-मे महिन्यात. पावसात भिंतीची ओल व छताची गळती दिसते. उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येते आणि टँकर किती येतात ते कळते. स्लॅबचे पोपडे सुटून गंजलेले गज दिसत असतील, तर ते रंगाने झाकण्याजोगे दुखणे नव्हे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी, असे संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितले आहे. तो अहवाल मागावा. दुरुस्तीसाठी सभासदांवर मोठी वर्गणी बसण्याचे ठरले आहे काय, हे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात सापडते.

नदीनाल्याच्या काठच्या घरांविषयी विशेष सावध असावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे आपल्या वडील पिढीने पाहिले. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरास आणि सप्टेंबरात पुण्यातील आंबिल ओढ्याच्या काठी काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी व लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. घर या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे पाहावे. भिंत दुरुस्त होते. ओढा हलविता येत नाही.

तिसरा दोष किमतीचा. काही घरे निर्दोष असूनही केवळ मालकाच्या अपेक्षेमुळे पडून राहतात. शेजाऱ्यास अमुक मिळाले, मग आम्हांस का मिळू नये, असे त्यास वाटत असते. येथे भीड धरू नये. त्याच इमारतीत मागील दोन वर्षांत झालेल्या व्यवहारांच्या सूची क्रमांक २ च्या प्रती पुढे ठेवाव्यात आणि नम्रपणे आपला आकडा सांगावा.

हा आकडा महत्त्वाचा का, ते आमच्या जुन्या विषयाच्या आधाराने सांगतो. घर ४० लाखांचे धरा. या रकमेस बँक किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ३२ लाख कर्ज देऊ शकते. उरलेले ८ लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. हे दोन्ही खर्च कर्जात धरीत नाहीत. म्हणजे दुरुस्तीपूर्वीच ११ लाख १० हजार हाताशी हवेत. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे; ४० हजार रुपये वाचतात, आणि गृहिणीचे नाव घरावर लागते. कर्जाचा दर साडेआठ टक्के व मुदत वीस वर्षे धरल्यास हप्ता सुमारे २७,७७० रुपये होतो, आणि ३२ लाखांचे सुमारे ६६ लाख ६५ हजार फेडावे लागतात. आता पाहा: किंमत एक लाखाने कमी झाली, तर हातचे २० हजार, शुल्काचे ७ हजार आणि वीस वर्षांच्या हप्त्यांचे सुमारे १ लाख ६६ हजार वाचतात. एका लाखाची घासाघीस सुमारे १ लाख ९३ हजारांची ठरते. ज्यांस भाव करण्याची लाज वाटते, त्यांनी हे गणित पाठ करावे.

चौथा दोष समजुतीचा. घर दक्षिणमुखी आहे, तेथे कोणी वारले आहे, पूर्वीचा भाडेकरू कर्जबाजारी झाला, अशा कारणांनी चांगली घरे पडून राहतात. दक्षिणमुखी मारुतीस आपण नवस बोलतो आणि दक्षिणमुखी घरास भितो, हे नवल आहे. ज्या जुन्या वाड्यांची आठवण आपण प्रेमाने काढतो, त्यांच्या माजघरात बाळंतपणे झाली आणि त्याच माजघरात वडीलधाऱ्यांनी प्राण सोडले. श्रद्धावंतांनी वास्तुशांत करावी, घरातील म्हाताऱ्या माणसांचे मन दुखवू नये. परंतु केवळ या कारणासाठी चांगले घर सोडू नये. एक व्यवहाराची गोष्ट मात्र विसरू नये. आज ज्या समजुतीमुळे घर आपणांस स्वस्त मिळते, तीच समजूत आपण विकावयास निघू त्या दिवशीही दारात उभी असेल. म्हणून असे घर राहण्यासाठी घ्यावे, नफ्यासाठी नव्हे.

हा दोष कोणता ते ओळखावयाचे कसे, असे कोणी विचारील. मालक, दलाल, शेजारी, संस्थेचे चिटणीस आणि पहारेकरी या पाचांस वेगवेगळे गाठून दोनच प्रश्न विचारावेत: हे घर इतके दिवस का राहिले, आणि यापूर्वी कोणी विसार देऊन परत घेतला काय? पाच उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे अधिक खोल पाहावे. विसार अल्प द्यावा, तोही धनादेशाने. मालकीत दोष निघाल्यास अमुक दिवसांत परत मिळेल, अशी अट लेखी असावी. साठेखत नोंदवून घ्यावे.

पहिले घर घेणाऱ्याजवळ बहुधा एकदाच पुरेल एवढी पुंजी असते. ती दोघांच्या पगाराची, वडिलांच्या निवृत्तिवेतनाची आणि आईच्या पाटल्यांची असते. म्हणून आमची मंडळास विनंती आहे की, ज्ञातीतील जे वकील, अभियंते व बँकेतील अधिकारी आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार कार्यालयात बसावे आणि अशा कुटुंबांचे कागद विनामूल्य पाहावेत. मराठी व मोडी दस्त वाचून देण्यास आम्ही स्वतः येऊ.