एक क्वासार, दोन प्रतिमा
(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सप्तर्षी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांतील क्रतू या ताऱ्याचे जगभर रूढ असलेले 'दुभे' हे नाव अरबी 'दुब्ब', म्हणजे अस्वल, या शब्दावरून आले. त्याच तारकासमूहात, साध्या डोळ्यांना न दिसणारा, एक क्वासार आहे. क्वासार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र. याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ९ अब्ज वर्षे लागली आहेत.

१९७९ साली डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वायमन यांना अमेरिकेतील किट पीक वेधशाळेतून तेथे अगदी शेजारी-शेजारी दोन क्वासार आढळले. दोघांचे वर्णपट हुबेहूब सारखे! हे जुळे, की एकच वस्तू दोनदा दिसते आहे? वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनने सांगितले होते आणि १९१९ च्या सूर्यग्रहणात ते पडताळलेही गेले होते. पुढे लवकरच वाटेत एक अंधुक दीर्घिका सापडली. तीच भिंगाचे काम करीत होती.

आता विचार करा. एकाच गावाहून दोन रस्त्यांनी निघालेली माणसे एकाच वेळी पोहोचत नाहीत. तसेच क्वासारचे तेज कमीजास्त झाले, तर ते एका प्रतिमेत आधी व दुसरीत नंतर दिसले पाहिजे. किती नंतर? कोणी म्हणे ४१५ दिवस, कोणी म्हणे ५४०. वेधांच्या नोंदींत खंड होते, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपलेच गणित बरोबर वाटे. वाद वर्षानुवर्षे चालला.

डिसेंबर १९९४ मध्ये पहिली प्रतिमा एकाएकी मंदावली. तोमिस्लाव कुंडिच, एडविन टर्नर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये भाकीत छापूनच टाकले: ४१५ खरे असेल तर दुसरी प्रतिमा फेब्रुवारी १९९६ मध्ये मंदावेल, ५४० खरे असेल तर जूनमध्ये. पेपर दिल्यावर उत्तर खोडता येत नाही, तसेच हे. मला या सर्व हकीगतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

प्रतिमा फेब्रुवारीतच मंदावली. अंतर ठरले ४१७ दिवस, चूक फार तर तीनेक दिवसांची.

अशा विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, हे नॉर्वेच्या रेफ्सदाल यांनी १९६४ सालीच, म्हणजे असे एकही भिंग सापडले नव्हते तेव्हा, सुचविले होते. मात्र मधल्या दीर्घिकेत वस्तुमान कसे पसरले आहे, हेही त्यासाठी नीट ठाऊक असावे लागते. इतर अनेक क्वासारांवर ते काम आजही चालू आहे.