एका कामासाठी एक यंत्र
(आकाशवाणीवरील भाषण)

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक प्रश्न निघाला आणि त्याचा निकाल लागावयास चार महिने गेले. प्रश्न दिसावयास लहान होता : केवळ संगीताच्या कामासाठी म्हणून नवा संगणक विकत घ्यावा, की घेऊ नये? शहरातील गृहस्थाला यात चर्चा करण्यासारखे काही वाटणार नाही. परंतु मी राहतो अणशीला, जोयडा तालुक्यातील काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात. पावसाळ्यात एखादे झाड तारांवर आडवे झाले की दोन-दोन दिवस दिवे नसतात. शाळामास्तराच्या संसारात साठ-सत्तर हजारांची वस्तू घ्यावयाची म्हणजे दुसऱ्या कोणत्या तरी गरजेला थांब म्हणावे लागते. यंदा ती गरज होती थोरल्या मुलीच्या वसतिगृहाची.

मग हा मोह झालाच का? मी शाळेत मुलांना गाणी शिकवतो आणि रविवारी प्रार्थनामंदिरात गायकवृंद सांभाळतो. पेटी मी वाजवतो, तबल्याला एक मुलगा आहे. व्हायोलिन, बासरी वाजविणारे कोणी नाही. नव्या आज्ञावलींत ही सारी वाद्ये भरलेली असतात असे कळले आणि मन पाघळले. घरी विषय काढला तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, घ्यायचा तर घ्या, पण त्या की-बोर्डसारखा कपाटात ठेवायला नको." पंधरा वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने की-बोर्ड घेतला होता. तो आज कापड पांघरून स्वस्थ पडला आहे. मला उत्तर देता आले नाही.

एकाच कामासाठी यंत्र घेणे ही उधळपट्टी आहे काय? मला तसे वाटत नाही. शिवणयंत्र एकाच कामासाठी असते. तबलाही एकाच कामासाठी असतो, आणि त्याने हिशेब करता येत नाही म्हणून त्याला कोणी नावे ठेवीत नाही. फरक आहे तो आयुष्याचा. आमची पेटी माझ्या वडिलांच्या वेळची. भात्याला दोनदा ठिगळ लावले, सूर अजून शाबूत आहेत. संगणकाचे तसे नाही. विंडोज 10 या प्रणालीची नेहमीची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि पुष्कळ धडधाकट यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. तेव्हा संगणकाकडे वाद्य म्हणून पाहावयाचे असेल, तर ते अल्पायुषी वाद्य आहे हे धरून चालले पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, आधी आज्ञावली ठरवावी आणि मग यंत्र. गॅरेजबँड ही ॲपलची आज्ञावली ॲपलच्याच यंत्रांवर चालते. उलट ऑडॅसिटी अथवा आर्डर निरनिराळ्या प्रणालींवर चालतात, आणि ऑडॅसिटीला तर पैसेही पडत नाहीत. यंत्र आधी घेऊन मागाहून आज्ञावली शोधणे म्हणजे मापे न घेता अंगरखा शिवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट मला हिशेब मांडल्यावर उमगली. ध्वनिमुद्रणात आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेतले आणि प्रत्येक नमुना 24 बिटांचा धरला, तर एका आवाजाच्या एका मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट जागा लागते. चार मिनिटांचे गाणे सहा निरनिराळ्या आवाजांत मुद्रित केले तरी सारे मिळून दोनशे मेगाबाइटांच्या आसपासच भरते. एवढे ओझे दहा वर्षांचा जुना संगणकही उचलतो. त्याची एक अडचण मात्र खरी. तो सावकाश असल्यामुळे नमुन्यांचे मोठे मोठे गठ्ठे करून काम करतो. 1,024 नमुन्यांचा एक गठ्ठा भरावयास 21 मिलिसेकंद लागतात, जाण्यायेण्यात हा विलंब आणखी वाढतो, आणि कानाला आपलाच आवाज उशिरा ऐकू आल्याने गाणारा अडखळतो. परंतु मायक्रोफोन जोडण्याची जी लहान पेटी मिळते, तिच्यातूनच थेट आवाज ऐकण्याची सोय असली म्हणजे हा प्रश्न मिटतो.

मग महागडे यंत्र लागते कशाला? ते लागते मुख्यतः त्या भरून ठेवलेल्या वाद्यांना. एकेका स्वराचे शेकडो नमुने स्मरणात धरावे लागतात. म्हणजे माणसांचे गाणे टिपावयास थोडक्यात भागते. जी माणसे नाहीत त्यांची नक्कल उभी करण्यास खर्च येतो.

येथे मला पेटीचीच गोष्ट आठवते. ती मूळची युरोपातील. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने 1840 च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केली आणि पुढे कलकत्त्यास तिला हाताच्या भात्याचे रूप मिळाले. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूरांनाही ती नकोशी होती. आणि ज्या आकाशवाणीवरून मी बोलत आहे, तिनेच 1940 साली पेटीला बंदी केली. ती 1971 मध्ये सैल झाली. दरम्यान गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याच पेटीतून काय काढून दाखविले हे महाराष्ट्र जाणतो. म्हणून यंत्र आले की संगीत बुडाले, असे मी म्हणणार नाही. त्याचबरोबर 'सैराट'च्या संगीताकरिता अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन जिवंत वाद्यवृंद मुद्रित केला, हेही विसरून चालणार नाही. ज्यांना हवा तो संगणक घेता आला असता, त्यांना अखेर माणसेच हवी होती.

माझा निकाल मात्र एका आजीने लावला. आमच्या भागातील कुणबी बायका भातलावणीच्या वेळी गातात. त्यांपैकी एका आजीला सर्वांत जास्त गाणी येत. "सवडीने एकदा नीट मुद्रित करू," असे मी तिला तीन वर्षे सांगत आलो. श्रावणात ती गेली. माझ्याजवळ तिचे उरले आहे ते फोनवरचे चाळीस सेकंदांचे मुद्रण. त्यातही पाऊस अधिक आणि गाणे कमी. उत्तम यंत्राची वाट पाहण्याचा हा खर्च मी कोणत्याच हिशेबात धरला नव्हता.

नवा संगणक घेतला नाही. नात्यातील एकाचा टाकून दिलेला लॅपटॉप आणला आणि त्यावर लिनक्स व ऑडॅसिटी घातली. एक बरा मायक्रोफोन, जोडणीची पेटी आणि बॅटरीवर चालणारे एक लहान ध्वनिमुद्रक यंत्र एवढेच विकत घेतले. मुलीचे वसतिगृहाचे पैसे वेळेवर भरले. आणि घरात एक करार झाला : या साहित्यावर दहा गाणी पुरी झाली तर नव्या संगणकाचा विचार करावयाचा, नाही तर नाही.

आजपर्यंत सहा झाली आहेत. उरलेली चार लावणीची. दिवाळीनंतर बायकांना ओसरीवर बसवून मी मायक्रोफोन पुढे केला, तेव्हा त्या दोन ओळींवर अडल्या. एक मावशी हसून म्हणाली, "मास्तर, पायाखाली चिखल नाही, तर गाणे आठवणार कसे?" यावर कोणत्याही आज्ञावलीत तोड नाही. ती चार गाणी पुढच्या पावसाळ्यात खाचरातच मुद्रित होतील. तेथे लागेल ते बॅटरीवरचे लहान यंत्र आणि एक छत्री.

तेव्हा श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी याच विवंचनेत असेल तर माझे सांगणे इतकेच. यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी आपल्याला नेमके काय करावयाचे आहे ते कागदावर लिहून काढावे. जे हाताशी आहे त्यावर काही काम पुरे करून पाहावे. कामच जेव्हा नव्या यंत्रावाचून अडेल, तेव्हा ते अवश्य घ्यावे. एकाच कामासाठी असले तरी घ्यावे. परंतु जे गाणारे आज आहेत, त्यांना यंत्र येईपर्यंत थांबावयास मात्र सांगू नये.