शंभर मीटरची धाव

मंडळी, आज भरतीविषयी बोलू. समुद्राच्या भरतीविषयी नव्हे. ती तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळते. पोलीस भरतीविषयी.

पोलीस शिपायाच्या मैदानी परीक्षेला 50 गुण असतात. त्यांतले 15 गुण 100 मीटर धावण्याला. ही धाव मुलांना आहे, मुलींनाही आहे. म्हणून आपली पोरं पहाटे पुळणीवर धावतात. रोज तासभर, कोरड्या वाळूत! घरची माणसे म्हणतात, "दमल्याशिवाय पळणे वाढत नाही." लांब धावण्याला ते थोडेफार लागू आहे. 100 मीटरला नाही.

का, ते ऐका. खाडीत बांबू तळाला रेटला की होडी पुढे जाते. तळ चिखलाचा असला तर बांबू रुततो, जोर फुकट जातो. धावण्याचेही तसेच आहे. पाय नुसता भराभर हलवून वेग येत नाही. जमिनीला जोराने रेटावे लागते. तेही झटकन, कारण उत्तम धावपटूचा पाय जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतो. जमैकाचा उसेन बोल्ट 2009 साली बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत धावला. पावले किती टाकली? फक्त 41.

तर कोरडी वाळू म्हणजे चिखलाचा तळ. तिच्यात पोटऱ्या बळकट होतात, हे खरे. केरळच्या पी. टी. उषा अशाच समुद्रकाठी सराव करीत. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये त्यांचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, एवढी त्यांची तयारी! पण वेगासाठी ओहोटीची ओली, घट्ट वाळू घ्यावी. पुळण उतरती असते, म्हणून एकदा जाताना आणि एकदा येताना धावावे. नाहीतर एकाच पायावर ताण येतो. काही दिवस मैदानावरही धावावे, कारण परीक्षा तिथेच होते.

आता दमण्याचे बघा. जोराच्या कामासाठी स्नायूंत थोडीशी शिदोरी तयार असते. ती काही सेकंदांत संपते. पुन्हा भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणून 50 मीटर जीव तोडून धावावे, मग चार मिनिटे सावकाश चालावे. असे पाच-सहा वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी वेगाची धाव नको. दमलेला पाय हळू धावायलाच शिकतो.

आणि रापण ओढून आलेल्या पोराला त्याच सकाळी धावायला पाठवू नका. त्याला पेज द्या, झोपू द्या. मांडीच्या मागे चमक आली, तर ती लपवू नको म्हणावे. त्या दिवशी धावणे बंद.