घर घेण्याआधी घराची आखणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही वक्ते नव्हे. आमची सारी उमेद सरकारी बांधकाम खात्यात आरेखकाच्या टेबलाशी, पट्टी, पेन्सिल व शाई यांच्या संगतीत गेली. तेव्हा नकाशाखेरीज आम्ही बोलणार तरी कशावर? शिवाय अलीकडे ज्ञातीतील तरुण जोडपी छापील नकाशाची गुंडाळी घेऊन आमच्या दारी येतात आणि विचारतात, "काका, हे घर घ्यावे का?" इमारतीचा अजून पायाही भरलेला नसतो. आयुष्याची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते त्या एका कागदावर लावायचे असतात. म्हणून आजचा विषय हाच घेतला आहे : जे घर अद्याप उभेच नाही, ते कागदावरून कसे पाहावे?

उपदेश करण्यापूर्वी एक कबुली देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही याच शहरात, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर घर घेतले. नकाशा हाती आला तेव्हा आम्ही तो पाव घटकेत वाचून काढला आणि घरात जाहीर केले की, घर उत्तम आहे. आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला : "पुढेमागे सासूबाईंना धरून न्हाणीघरात न्यायची वेळ आली, तर नेता येईल ना?" आम्ही हसलो. नकाशात दार दिसत होते. दार असले म्हणजे जाता येणारच!

दोन वर्षांनी आमच्या मातोश्री पडल्या. खुब्याचे हाड मोडले आणि त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या. न्हाणीघराचे दार नकाशात ७५ सेंटीमीटरचे होते. परंतु ते माप चौकटीच्या बाहेरून बाहेरपर्यंतचे. चौकटीची जाडी वजा जाता मोकळी वाट उरली सुमारे ६३ सेंटीमीटर, आणि खुर्ची होती ६५ सेंटीमीटर रुंद. शेवटी चौकट काढून टाकली. खुर्ची आत गेली, पण आत वळेना; कारण दारासमोरच कमोड, आणि शेजारी काँक्रीटचा खांब भिंतीतून पुढे आलेला. हे सारे नकाशात होते. बांधणाऱ्याने आम्हांस फसविले नाही. कागदावर होते तसेच त्याने बांधून दिले. तीस वर्षे नकाशे काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचा नकाशा पाहिला होता, पण त्यात तो एकदाही चालला नव्हता. घरात कोणी उठण्याआधी पहाटे स्नान उरकण्याचे व्रत जन्मभर पाळणाऱ्या आमच्या मातोश्रींना अखेरचे चौदा महिने स्वयंपाकघरामागील बाल्कनीत, दोरीवर लुगडे बांधून त्याच्या आडोशाला, स्नान घालावे लागले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तेच आम्हांस अधिक लागते.

असो. आता हे का होते ते पाहू. आपले वाडवडील नकाशा वाचीत नसत. तरीही त्यांस आपले घर बांधण्यापूर्वी दिसत असे. याला दोन कारणे होती. पहिले म्हणजे त्यांचे माप. घर किती चौरस फुटांचे असे कोणी विचारीत नसे. किती खणांचे असे विचारीत. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण, आणि तो तर प्रत्येकाने लहानपणापासून अंगाने अनुभवलेला. ढाळज, ओसरी, माजघर, परस हे शब्द उच्चारले की तेथे कोण बसते, कोण निजते, ऊन कोठून येते हे आपोआप डोळ्यांपुढे उभे राही. दुसरे कारण म्हणजे आखणी. गवंडी खुंट्या ठोकी, दोरी ताणी आणि चुन्याच्या फक्कीने जमिनीवर घर आखी. पाया खोदण्याआधी घरधनी, घरधनीण आणि म्हातारी माणसे त्या पांढऱ्या रेषांत उभी राहत. "चूल इकडे घ्या", "हे दार हातभर सरकवा", असे तेथेच ठरे. रेघ पायाने पुसून दुसरी मारण्यास खर्च तो कितीसा?

आपल्या शहरापासून ३० किलोमीटरांवर वेरूळचे कैलास लेणे आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, ते वरून खाली कोरले गेले. शिखर आधी आणि तळ नंतर. काढलेला दगड पुन्हा चिकटविता येत नाही. म्हणून पहिला घाव घालण्यापूर्वी सबंध मंदिर कोणाच्या तरी मनात उभे असले पाहिजे. आम्ही सामान्य माणसे. आपणांस एवढी दृष्टी नाही. म्हणूनच आपणांस फक्कीची गरज आहे.

१६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली, तिचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. या गावाने घरांचे अनेक प्रकार पाहिले. जुन्या गावात वाडे होते. १९७०च्या दशकात सिडकोने नवे औरंगाबाद आखण्यास घेतले आणि सेक्टरांतून एका नमुन्याची ओळीने घरे उभी राहिली. त्यांतही एक सोय होती. आपल्या नमुन्याचे घर शेजारच्या ओळीत कोणाकडे तरी उभे असे. जाऊन पाहता येई, त्यांच्या ओट्याशी उभे राहता येई. आता बीड बायपास, सातारा परिसर, चिकलठाणा, पडेगाव या बाजूंस उंच इमारती होत आहेत. सातव्या मजल्यावरील घराची जमीन आज हवेत आहे. तेथे फक्की टाकणार कोठे? आखणीची जुनी रीत मोडली ती येथे, आणि तिच्या जागी आली रंगीत चित्रे. आता तर डोळ्यांवर चष्मा चढवून यंत्रातल्या घरात फिरवूनही आणतात. ही साधने वाईट नाहीत. पण चित्र रुंद भिंगाने काढले की दहा फुटांची खोली पंधरा फुटांची भासते, आणि चष्म्यातल्या पलंगाला आपले गुडघे आपटत नाहीत.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. घर हवेत असले तरी त्याची आखणी दुसरीकडे करता येते. एखादी गच्ची, शाळेचे पटांगण किंवा मंगल कार्यालयाचे आवार मिळवावे. मापाची फीत, सुतळी आणि चार किलो फक्की, एवढेच साहित्य. नकाशातील लिहिलेली मापे घ्यावीत. छापील कागदावर पट्टी ठेवून मोजू नये, कारण छपाईत प्रमाण बिघडते. भिंतींना त्यांची जाडी द्यावी. बांधकामाची मापे गिलाव्यापूर्वीची असू शकतात. म्हणून प्रत्येक बाजूस अर्धा इंच कमी धरावा. खांब जेथे भिंतीतून पुढे येतात, तेथे चौकोन काढावा. प्रत्येक दाराचा फिरण्याचा पाव वर्तुळाचा पट्टा आखावा. आणि मग सबंध कुटुंबाने त्यात एक संध्याकाळ काढावी.

काय दिसेल ते सांगतो. नकाशातील दहा फूट लांबीच्या खोलीत पलंग आणि कपाट अगदी ऐसपैस दिसतात, कारण चित्रातला पलंग बहुधा लहान काढलेला असतो. खरा पलंग गादीसह साडेसहा फूट, कपाटाची खोली दोन फूट. उरला दीड फूट. तेवढ्यातच कपाटाचे दार उघडायचे आणि त्यासमोर माणसाने उभेही राहायचे! स्वयंपाकघर सात फूट रुंद असेल आणि दोन्ही बाजूंस दोन-दोन फुटांचा ओटा असेल, तर मध्ये तीन फूट राहतात. सणाच्या दिवशी तेथे दोघी जावा पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि तिसरीला शीतकपाट उघडावयाचे झाले, तर काय होईल, हे तिघींनी रेषांत उभे राहूनच पाहावे. जायकवाडीचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने घेण्याची पाळी आपल्या गावाने वर्षानुवर्षे सोसली आहे; तेव्हा पाण्याची पिंपे कोठे राहतील? एका पिंपाला दोन फूट जागा लागते. नकाशात पिंप कोणीच काढीत नाही.

जमिनीवर न दिसणाऱ्याही दोन गोष्टी आहेत. एक उंची. तिच्यासाठी इमारतीचा छेद, म्हणजे उभा कापून दाखविलेला नकाशा, मागून घ्यावा; तुळई छताखाली किती उतरली आहे आणि पोटमाळ्याखाली डोके लागते काय, ते त्यात कळते. दुसरी गोष्ट ऊन. नकाशावरील उत्तरेचा बाण शोधून रेषा त्याच दिशेने आखाव्यात आणि वेळ दुपारी चार ते सूर्यास्त अशी निवडावी. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला मावळतो. म्हणून केवळ पश्चिमेचीच नव्हे, तर वायव्येची खिडकीही तापते. उलट दक्षिणेची खिडकी वाईट समजू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दोन फुटांचा छज्जा त्याला अडवितो. हिवाळ्यात तो दक्षिणेस कलतो आणि उबदार ऊन आत येते. दाराबाहेरही पाहावे. जिन्याच्या वळणावरून खाट वळते काय? उद्वाहनात आडवा रुग्ण मावतो काय? हे प्रश्न अशुभ म्हणून टाळू नयेत. प्रत्येक घरात ती वेळ येते.

आता कायद्याविषयी थोडे. आपल्या राज्यात १९६३ पासूनच फ्लॅटच्या मालकीसंबंधी कायदा आहे; २०१६ चा स्थावर संपदा कायदा २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि महारेरा स्थापन झाले. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा पाहावा आणि आखणी त्यावरूनच करावी, जाहिरातीतील चित्रावरून नव्हे. या कायद्याप्रमाणे चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती, नळांचे मार्ग, बाल्कनी आणि खुली गच्ची धरीत नाहीत. पण आतील भिंती धरतात. म्हणजे ज्या जागी चटई अंथरता येणार नाही, अशीही थोडी जागा चटई क्षेत्रात मोजली जाते, हे ध्यानी असावे. लेखी करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणाऱ्यास घेता येत नाही. मंजूर नकाशात आपल्या घरापुरता बदल आपल्या संमतीवाचून करता येत नाही. जाहिरात किंवा नमुना घर खोटे ठरून नुकसान झाल्यास भरपाई मागता येते, आणि व्यवहार सोडावयाचा असल्यास रक्कम व्याजासह परत मागता येते. परंतु बंधूंनो, नकाशात जे स्पष्ट होते आणि आपण पाहिले नाही, त्यावर कोणताही कायदा उपाय देत नाही. आमचे दार कायदेशीरच होते.

गेल्या वैशाखात ज्ञातीतील एक तरुण जोडपे आमच्याकडे आले. त्यांच्या घराची आखणी आम्ही एका गच्चीवर केली. त्या मुलीची आजेसासू काठी टेकीत पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालली आणि रेषेवर थांबून म्हणाली, "इथे हात कशाला धरू?" करारावर सही होण्यापूर्वी त्यांनी बांधणाऱ्यास भेटून ते दार ९० सेंटीमीटरचे करून मागितले आणि भिंतीत धरावयाच्या कड्याची सोय लेखी घेतली. बांधणाऱ्याने आढेवेढे घेतले नाहीत. भिंत कागदावर असते तोवर ती हलविणे सोपे असते.

शेवटी मंडळास एक विनंती. आपली संस्था विद्यार्थ्यांस वह्या-पुस्तके देते, वधूवर मेळावे भरविते. तद्वत् महिन्यातून एका रविवारी एखादे मोकळे आवार, फीत आणि फक्की घर घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी उपलब्ध करावी. आमच्यासारखी दोन-चार निवृत्त माणसे ज्ञातीत आहेत. दोरी धरण्यास आम्ही येऊ. मात्र एक अट घालावी. नकाशा घेऊन एकट्या पुरुषाने येऊ नये. घरात जी स्वयंपाक करते, जे वृद्ध आहेत आणि जे रांगते आहे, ती सर्व मंडळी यावीत. कारण त्या घरात दिवसाचे अधिक तास तीच राहणार आहेत. आमच्या घरातही नेमका प्रश्न विचारला गेला होता. तो आम्ही हसण्यावारी नेला. आपण तसे करू नये, एवढ्याचसाठी आज ही घरची गोष्ट चारचौघांत सांगितली.