सौम्य विषाणूची धास्ती



या परिषदेसाठी रेल्वेनं नवापुरात आलेल्यांपैकी काही जण गुजरातेत उतरले असतील, काही महाराष्ट्रात. डबा कुठे थांबला त्यावर ते ठरतं. आमचं स्टेशन दोन राज्यांत वाटलेलं आहे. दुपारच्या जेवणात कोंबडीचा रस्सा आहे. नीट ७० अंशांवर शिजलेल्या मांसात बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही, आणि आमचा रस्सा चांगला रटरटतो. तरी पहिल्या पंगतीला शास्त्रज्ञांनी बसावं, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल.

स्वागताध्यक्षानं गावचा इतिहास सांगायचा असतो. आमचा इतिहास तुम्हाला पाठच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू पहिल्यांदा सापडला तो इथे. शेडमध्ये मरतुक सुरू झाली तेव्हा आधी सगळ्यांना तो कोंबड्यांचा राणीखेत रोगच वाटला. मग भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जगभरच्या जनुकांच्या नोंदींत ‘नवापूर’ हे नाव एका विषाणूला चिकटलं ते कायमचं. २०२१ मध्ये बर्ड फ्लू पुन्हा येऊन गेला.

मी शास्त्रज्ञ नाही, अंड्यांसाठी लेअर कोंबड्या पाळणारा माणूस आहे. पण ज्यानं दोनदा गावातली शेडं रिकामी केली, तो इतका मारका झाला कसा, हे जाणून घेणं मला भागच होतं. वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. जे समजलं त्यानं माझी भीती कमी झाली नाही. तिची जागा मात्र बदलली.

रानबदकांच्या आतड्यात हे विषाणू पूर्वापार आहेत आणि बदकं बहुधा ठणठणीत असतात. पेशीत शिरायचं तर विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन ठरावीक जागी कापलं जावं लागतं. सौम्य विषाणूचं प्रथिन कापणारी विकरं पक्ष्याच्या आतड्यात आणि श्वासमार्गात असतात, म्हणून आजारही तेवढ्यापुरताच राहतो. पण एच५ आणि एच७ या दोन गटांत कधी कधी नक्कल होताना त्या कापाच्या जागी चार-दोन जादा अमिनो आम्लं घुसतात, आर्जिनिन आणि लायसिन. मग ते प्रथिन शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही पेशीतलं विकर कापू शकतं. विषाणू मेंदूत जातो, हृदयात जातो. संध्याकाळी दाणे टिपणारा पक्षी सकाळी तुसावर आडवा दिसतो, तुरा निळा पडलेला. बदल एवढासा, आणि तो बहुतेक वेळा कोंबडीच्या शेडमध्ये घडलेला आहे, तळ्यावर नाही.

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं. १९८३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या कोंबड्यांत एच५एन२ आला, तो सौम्य होता. ऑक्टोबरात तोच विषाणू शेडच्या शेड आडवे करू लागला. साथ आटोक्यात येईपर्यंत सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी गेले. वेबस्टर आणि कावाओका या विषाणूशास्त्रज्ञांनी तपासलं, तर कापाच्या जागेवर पांघरूण घालणारी साखरेची एक साखळी गळून पडली होती, आणि त्यामागे जनुकातला किरकोळ बदल होता. चिलीत २००२ साली तर एच७ नं स्वतःच्याच दुसऱ्या जनुकाचा तुकडा उचलून कापाच्या जागी बसवला. वाटा वेगळ्या, मुक्काम एकच. माझ्या मते यात दाटीचा हात मोठा आहे. तळ्यावर यजमान फार लवकर मेला तर विषाणूचाही प्रवास संपतो. आमच्या शेडमध्ये दुसरी कोंबडी वीतभर अंतरावर असते. पहिली मेली तरी विषाणूचं काही अडत नाही.

माणसांपर्यंत पोहोचायला त्याला आणखी बदल लागतात. पक्ष्याचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम, आपलं नाक त्याहून बरंच थंड. त्या थंडाव्यात पक्ष्यांच्या विषाणूचं काम अडतं. पण विषाणूच्या नक्कल करणाऱ्या यंत्रणेत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं की त्याला सस्तन प्राण्यांच्या पेशीत काम जमू लागतं. २००३ मध्ये नेदरलँड्सच्या साथीत दगावलेल्या पशुवैद्यकाच्या शरीरातल्या विषाणूत हाच बदल होता. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मारणाऱ्या विषाणूतही तो होता, आणि नवापूरचा पाहुणा त्याच कुळातला. २०२४ मध्ये टेक्सासच्या गाईंच्या कासेत एच५एन१ निघाला. त्याच वर्षअखेरीस आपल्या नागपुरात, गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात, तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानं नेले. माणसामाणसांत सहज पसरण्याची कला त्याला अजून साधलेली नाही.

पण आज मला बोलायचंय ते एच५एन१ च्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याबद्दल. एच९एन२. तो आपल्याकडच्या पोल्ट्रीत घर करून आहे. त्यानं शेडमधले सगळे पक्षी मरत नाहीत. अंडी घटतात, पक्षी शिंकतात, आणि आपण ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देतो. फ्लूच्या विषाणूचं जनुकद्रव्य आठ तुकड्यांत असतं. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले, की एका खोलीत उतरलेल्या दोन वऱ्हाडांच्या सामानासारखी त्यांची अदलाबदल होते. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ नं १८ जणांना गाठलं, त्यातले सहा दगावले. त्या विषाणूचे आतले जनुक एच९एन२ शी जुळणारे होते. २०१३ मध्ये चीनमध्ये माणसं मारणाऱ्या एच७एन९ चेही आतले सहा जनुक एच९एन२ कडूनच आलेले. आणि भारतात या एच९एन२ ची माणसातली पहिली नोंद मेळघाटातली, २०१९ ची, दीड वर्षाच्या आतल्या एका बाळाची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं ती पकडली.

मोठी साथ सगळ्यांना दिसते. तिला सामान पुरवणाऱ्याकडे मात्र कुणी पाहत नाही. तो सापडायला नमुना तपासावा लागतो, पण आमच्यातले बरेच जण नमुना द्यायला कचरतात, हे मी इथे उघड बोलतो. एच५एन१ निघाला तर एक किलोमीटरच्या परिघातले शेजाऱ्याचेही पक्षी जातात, आणि तो शेजारी पुन्हा तोंड दाखवत नाही. आधीच मेलेल्या कोंबडीची भरपाई मिळत नाही, मग माणूस गुपचूप खड्डा खणतो. पण एच९एन२ निघाला म्हणून शेड रिकामं करायचा नियम नाही. त्यावर भोपाळच्याच संस्थेनं लसही तयार केली आहे. तेव्हा तो लपवण्यात कसलंच शहाणपण नाही.

पोल्ट्रीवाल्यांना माझी विनंती: अंडी अचानक घटली, तर औषधाच्या दुकानाआधी पशुवैद्यकांकडे जा. आणि शास्त्रज्ञ मंडळींना विनंती: आमच्या शेडमधून नेलेल्या नमुन्यात काय निघालं, ते आम्हाला मराठीत, महिन्याच्या आत कळवा. नमुना देणाऱ्याला उत्तर मिळत गेलं, तर तो पुढच्या वेळी स्वतःहून फोन करील. या दोन गोष्टींवर या परिषदेत ठराव व्हावा, अशी स्वागत समितीची मागणी आहे. अध्यक्षांनी कामकाज सुरू करावं.